आई मराठी, बाबा नायजेरियन: मुलीला शाळेत ‘तू नक्की कुठली?’ विचारतात, तिला काय शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 6 वर्षांची आहे, पुण्यात शाळेत जाते, बाबा लागोसचे योरुबा (नायजेरियातला एक समाज, त्याची भाषाही योरुबाच), आणि ‘तू कुठली’ म्हटलं की ती हल्ली गप्पच बसते. शिवाय आजी म्हणते, केस बारीक कापा, म्हणजे चारचौघींसारखी दिसेल. मी अशाच घरात वाढलेय, म्हणून आधी आजीच्या वाक्याबद्दल बोलते. केस कापू नका.

घट्ट कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, त्यामुळे ते कोरडे पडतात आणि तुटतात. कोरड्या केसांवर खोबरेल थापायचं, शिकेकाईने चोळून धुवायचं आणि बारीक दातांच्या फणीने विंचरायचं, ही आपल्याकडची पद्धत या केसांचं वाटोळं करते. तेल ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. म्हणून आधी पाणी, मग लीव्ह-इन कंडिशनर (लावून धुवायचं नाही, केसांत तसंच ठेवायचं), आणि त्यावर तेल किंवा शिया बटर (आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल). आठवड्यातून एकदा सल्फेट नसलेल्या शाम्पूने टाळू धुवा. मग भरपूर कंडिशनर लावून केसांचे चार भाग करा, तीन क्लिपांनी वर बांधा आणि एकेक भाग रुंद दातांच्या कंगव्याने सोडवा. सुरुवात टोकांपासून, मग हळूहळू वर मुळांकडे. मुळापासून ओढलं की गाठी खाली सरकून आवळतात, पोरगी रडते, आणि घरात ‘हिचे केसच वाईट’ असं ठरून जातं. सुक्या केसांत कंगवा घालूच नका. सुरुवातीला दीड-दोन तास लागतील. रात्री सॅटिनची टोपी किंवा उशीला सॅटिनचा अभ्रा हवा, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केस घासून तुटतात.

बारीक वेण्या घातल्यात तर या वयात दोन-तीन आठवड्यांत सोडायच्या. कपाळाच्या कडेला पुळ्या आल्या किंवा ती डोकं दुखतंय म्हणाली, तर वेणी आवळली गेलीय. त्याच दिवशी सोडा. तो ताण चालूच राहिला तर तिथले केस कायमचे जातात.

आणि हे काम बाबांनी शिकावं. योरुबा घरांत केसांना दोरा गुंडाळून ते उष्णतेशिवाय सरळ ताणायची जुनी रीत आहे, तिला इरुन किको म्हणतात. सगळ्या वेण्या डोक्याच्या माथ्याकडे नेऊन बांधतात ती शुकू. तिकडच्या आत्याला, काकूला व्हिडिओ कॉल लावा आणि शुकू शिकून घ्या. भाषा, सण, नातेवाईक सगळे आईकडचे आणि बाबांकडचा फक्त चेहरा, अशी वाटणी झाली की मूल त्या चेहऱ्यावरच रागवायला लागतं. मराठी तर तिला पुण्यात येणारच. योरुबा मुद्दाम कानावर पाडावी लागेल, म्हणजे बाबांनी तिच्याशी इंग्रजी सोडून योरुबात बोलावं, अगदी जेवणापुरतं का होईना.

शाळेसाठी एक छोटं उत्तर तोंडात बसवा: “मी पुण्याची. आई मराठी, बाबा नायजेरियाचे.” पुढे खोदून विचारलं तर “आत्ता नाही सांगायचं” एवढं पुरे. केसांना कुणी हात लावला तर “हात नको लावू”, मोठ्याने. हे घरी तुम्ही मैत्रीण होऊन तिच्याकडून म्हणवून घ्या, वर्गात आयत्या वेळी सुचत नाही. वर्गशिक्षिकांना वर्ष सुरू होतानाच भेटा आणि स्पष्ट सांगा, गॅदरिंगमध्ये हिला राक्षसीण किंवा ‘जंगलातला नाच’ नको. हे दर वर्षी सांगावं लागतं, कारण बाई बदलतात.

मलिक अंबरची गोष्ट जरूर सांगा. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, खडकी (पुण्यातली नव्हे, आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, नहरीने पाणी आणलं, आणि 1624 ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. फक्त ‘तुझा पूर्वज’ म्हणू नका. इथिओपिया आणि लागोस आफ्रिकेच्या दोन टोकांना आहेत, आणि आफ्रिका म्हणजे एकच गाव समजायची चूक तिच्या घरात तरी नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. ती भारतात जन्मलीय असं धरते. 3 डिसेंबर 2004 पासून इथे जन्मलेलं मूल जन्मानेच भारतीय ठरायला एक पालक भारतीय नागरिक हवा आणि दुसरा त्या वेळी बेकायदा स्थलांतरित नको, म्हणून बाबांच्या तेव्हाच्या व्हिसाची प्रत जपा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा तिचा नायजेरियन पासपोर्ट काढण्याआधी वकिलाला विचारा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी ताडून घ्या, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरतं आणि नंतर बदलताना नाकीनऊ येतात.

केसांचं मी जे सांगितलं ते घट्ट कुरळ्यांना लागू आहे. मिश्र घरातल्या मुलांच्या एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार असतात, मागे घट्ट आणि पुढे सैल. सैल भागाला शिया बटर जड होतं, तिथे कमी लावा.

राहिली आजी. आमची मावशीही म्हणायची, ‘आम्हाला रंगबिंग काही दिसत नाही, ती आमचीच.’ प्रेमाने म्हणायची, याबद्दल मला शंका नाही. पण पोरीला तो दिसतो, वर्गात पहिल्याच दिवशी दिसतो. आणि घरात त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही म्हटल्यावर त्यात लाजण्यासारखं काहीतरी आहे असं ती धरून चालते. केस कापा हा सल्लाही मावशीचाच होता. रंग दिसत नव्हता, तर केस का खुपले, हे मी तिला आजही विचारते. तुमच्या मुलीचे कापायचेच झाले तर ती स्वतः म्हणेल तेव्हा, आणि ती सांगेल तेवढेच.