आजीचा फेटिया म्युझियमला द्यायचा का?

प्रश्न: ताई, मी मुळेगाव तांड्यावरची, बंजारा. आजीचा फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), बलिया (बांगड्या), घुगरी-टोपली (केसांतले दागिने) सगळं पेटीत जपलेलं आहे. मध्यंतरी बाहेरच्या एका म्युझियमसाठी काही लोक आले, कायमचं द्या म्हणाले, काचेत नीट राहील. बाबा तयार आहेत. आम्हा पोरींना वाटतं तांड्यातच सेवालाल महाराजांच्या मंदिराशेजारच्या खोलीत काहीतरी करावं. पण एका खोलीला म्युझियम म्हणतील का आणि तिथं करायचं तरी काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: पहिलं म्हणजे बाबांना सांग, घाईने कुठंही सही करू नका. कायमचं दिलं की ते परत मागायचा हक्क जातो. द्यायचंच असेल तर ठराविक मुदतीसाठी द्या, कागदावर वस्तूची मालकी घरची राहील असं लिहून घ्या आणि खाली आजीचं नाव, तांड्याचं नाव लागलंच पाहिजे, नुसतं "बंजारा स्त्रीचा पोशाख" असं नाही.

आता खोलीचं. आपल्या सोलापुरात सेटलमेंट, म्हणजे "गुन्हेगार" ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायची वसाहत होती हे तुला घरच्यांनी सांगितलं असेलच, 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या आणि 1952 पर्यंत तो शिक्का राहिला. साधारण त्याच काळात कॅनडात तिथल्या मूळ रहिवाशांच्या पॉटलॅच नावाच्या, मुखवटे घालून नाचायच्या आणि भेटी वाटायच्या समारंभावर बंदी होती, 1885 ते 1951. 1921 मधे असा एक समारंभ झाला म्हणून लोकांवर केसेस झाल्या, काहींना जेलमधे टाकलं, मुखवटे जप्त करून म्युझियममधे पाठवले. म्हणजे जे घालून नाचलं म्हणून माणूस जेलमधे गेला तेच तिकडं कपाटात शोभेला! त्या लोकांनी पिच्छा सोडला नाही, शेवटी वस्तू परत द्यायला सरकार तयार झालं पण अट घातली की आधी म्युझियम बांधा. मग त्यांनी स्वतःचं बांधलं, अलर्ट बे गावात 1980 ला उमिस्टा सेंटर उघडलं. तिथं ते मुखवटे काचेत न कोंडता मोकळेच मांडलेत, समारंभात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने, आणि पोरांना भाषा आणि नाच पण शिकवतात. मला विचारशील तर म्युझियम हे असं पाहिजे.

मोठी म्युझियम्स पण आता बदलतायत, काही मनाने तर काही कायद्याने. अमेरिकेत 2024 पासून नियम आहे की मूळ जमातींच्या धार्मिक वस्तू किंवा मानवी अवशेष मांडायचे तर आधी त्यांची परवानगी घ्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने दोन हॉलच बंद केले. आपल्याकडं गुजरातेत तेजगडला आदिवासी अकादमीत "वाचा" (म्हणजे वाणी) नावाचं म्युझियम आहे, जमलं तर बघून या.

त्यामुळं खोली एकच आहे म्हणून मागं सरू नका. चीनमधे जाऊन सेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं स्मारक त्यांच्या भैय्या चौकातल्या घरातच आहे ना. तुमच्या खोलीत वस्तूंपेक्षा म्हाताऱ्या बायका जास्त बसल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, कारण कांचळीवरचा टाका कसा घालायचा हे काचेतली कांचळी सांगत नाही, तो हात अजून तांड्यात आहे तोवर पोरींनी शिकून घ्या. होळीच्या लेंगी, तीजची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करा, गोरमाटीतच, आपल्या बंजारा बोलीतच बोलू द्या, मधेमधे मराठी करायला लावू नका. पण प्रत्येकीला आधी विचारा की हे युट्यूबवर टाकू का फक्त तांड्यात ठेवू. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांसोबत मुकुर्तू नावाची फुकट कॉम्प्युटर सिस्टीम तयार झाली ती यासाठीच, कुठला फोटो कुणी बघायचा हे तिथं समाज ठरवतो. तुम्हाला सुरवातीला एक वही पण पुरेल.

आणि फेटिया प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर आजच काढ. धुऊन वाळवलेल्या जुन्या सुती धोतरात गुंडाळ, आरसे आणि कवड्यांवर घडी पडू देऊ नको, उन्हात टांगू नको. तीजला कुणाला घालावासा वाटला तर घालू दे की, फक्त ते आजीला विचारून.