व्हिसा कुणाच्या नावावर?

विक्रोळीहून एका आईचं पत्र आलंय. त्या महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहेत. यजमानांना दुबईत एसी मेंटेनन्सच्या कंपनीत सुपरवायझरची नोकरी मिळतेय, पगार 9,000 दिरहम. 'सगळे एकदमच जाऊ,' असं त्यांचं म्हणणं. सासूबाई आखातातल्या युद्धाच्या बातम्यांनी धास्तावल्यात. मुलगी नववीत, तिला डॉक्टर व्हायचंय. राजीनामा देऊन जावं का आणि तिकडे आम्ही सुरक्षित राहू का, असं त्यांनी विचारलंय.

ताई,

सासूबाईंची भीती उगाच नाही. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा 1,70,000 च्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईत आणावं लागलं. माणसं सुखरूप आली, पण अनेकांची नोकरी, पैसे, संसार तिकडेच राहिला. म्हणून गेल्या गेल्या भारतीय वकिलातीकडे नोंदणी करा आणि परतीच्या तिकिटांचे पैसे इथल्या खात्यात वेगळे ठेवा. पासपोर्ट स्वतःच्या कपाटात हवेत. कंपनीने ते अडकवून ठेवणं तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. रस्त्यावरच्या सुरक्षिततेबद्दल म्हणाल, तर दुबईचं नाव चांगलं आहे. मला काळजी वेगळीच वाटते.

तुमचा आणि लेकीचा व्हिसा यजमानांच्या भरवशावर, त्यांचा कंपनीच्या. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर तिघांनी गाशा गुंडाळायचा. त्यात घरभाडं बहुतेकदा दरमहा नसतं. वर्षाचे पुढच्या तारखांचे दोन-चार चेक आधीच देऊन ठेवावे लागतात. कर्ज थकलं तर देश सोडायला बंदी येऊ शकते. आणि अशुभ बोलतेय, पण तुम्ही वॉर्डात रोज पाहता म्हणून लिहिते: खातेदाराचं बरंवाईट झालं तर वारसाचे कागद होईपर्यंत बँक खातं गोठवते. तुमच्या नावाचं वेगळं खातं तिथे असायलाच हवं.

तेव्हा आधी यजमानांना एकट्याने जाऊ द्या. तिथे प्रोबेशन सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही. ते पार पडेपर्यंत तुम्ही हलू नका. जाणं नोकरीच्या व्हिसावरच. 'व्हिजिटवर जा, तिथे बदलून घेऊ' म्हणणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच रामराम करा. एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासता येतो आणि त्याला 30,000 रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. शंका आलीच तर बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचं हित पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं ऑफिस आहे, ट्रेनने कुर्ला गाठलंत की तिथून जवळच.

लेकीबद्दल मात्र मी ठाम आहे. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर डोमिसाइल पुरत नाही. सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागतात. सवलती आहेत, त्या मुख्यतः सरकारी नोकरी आणि सैन्यदलातल्या पालकांच्या मुलांना. दुबईत सीबीएसईची दहावी केली, तर नीटला चांगले मार्क पडूनही राज्याच्या सरकारी कॉलेजची दारं बंद होऊ शकतात. उरेल तो अखिल भारतीय 15 टक्के कोटा, नाहीतर खासगी कॉलेजच्या फिया. राज्याचे प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलची या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान दोघांनी मिळून वाचा. शिवाय नववी-दहावी सीबीएसईत जोडूनच धरतात, थेट दहावीत प्रवेश सहसा मिळत नाही. दहावीपर्यंत तिला इथेच राहू द्या. बारावीचं नंतर बघू, मेडिकलचा हट्ट तोवर टिकतो का तेही कळेल.

राजीनामा देऊ नका. महापालिकेची नोकरी एकदा सोडली की परत मिळत नाही. बिनपगारी रजेचे नियम आस्थापना विभागात जाऊन विचारा, मेट्रनच्या तोंडी भरवशावर राहू नका. मधल्या काळात दुबई हेल्थ अथॉरिटीच्या नर्सिंग परवान्याची तयारी सुरू करता येईल. त्यासाठी शिक्षण आणि अनुभवाच्या कागदांची डेटाफ्लो या कंपनीकडून पडताळणी होते, मग परीक्षा. वेळखाऊ आहे, पण तुमची स्वतःची नोकरी आणि स्वतःचा व्हिसा झाला की यजमानांच्या कंपनीत काही बिनसलं तरी घरात एक व्हिसा उरतो. कुणा ओळखीच्याने 'नर्स म्हणून पाठवतो' म्हटलं तर सावध व्हा. आखातात जाणाऱ्या परिचारिकांच्या भरतीवर 2015 पासून सरकारचे वेगळे निर्बंध आहेत.

लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि लेकीचा जन्मदाखला आताच बाहेर काढा. दोन्हींवरची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळताहेत का बघा. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, यात लोकांचे महिने जातात.

9,000 दिरहम हा एकूण आकडा असावा. त्यात बेसिक किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजतात, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक. दुबईत यजमानांचा आरोग्य विमा कंपनी काढेल, तुम्हा दोघींचा त्यांनाच काढावा लागतो. कंपनी देणार असेल तर तसं लेखी हवं. ऑफर लेटरची प्रत पाठवा. कंपनीचं नाव झाकलंत तरी चालेल, बेसिकची ओळ झाकू नका.