कुडाळहून ठाण्याला मुलासह जायचंय, वडिलांचा नकार आहे: अर्जात काय लिहावं

ताई, तुमची स्थिती अशी: परस्पर संमतीचा घटस्फोट, आठ वर्षांचा मुलगा तुमच्याकडे, वडिलांना दुसऱ्या-चौथ्या रविवारी दहा ते सहा भेट. आता ठाण्यात नोकरी मिळाली आहे आणि ते 'नाही' म्हणतात.

जाता येतं, पण आधी अर्ज आणि मग सामान. ताब्याचा आदेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली हुकूमनाम्यानंतरही, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम निकालानंतरही, तो बदलून मागता येतो, आणि तो ज्या न्यायालयाने दिला तिथेच मागायचा. संमतीच्या घटस्फोटानंतर आईला नोकरीसाठी मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. वकिलांना तो जोडायला सांगा. तुम्ही आधी निघून गेलात, तर रविवार चुकवल्याबद्दल दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) किंवा अवमानाचा अर्ज येतो. वर ठाण्यात नवा अर्ज लावलात, तर मूल 'सामान्यतः कुठे राहतं', म्हणजे अर्ज कुठल्या कोर्टात चालायचा, यावरच महिने जातात.

बहुतेक अर्ज इथे फसतात: चार पानं नोकरीवर आणि भेटीबद्दल एकच ओळ, 'वडिलांनी ठाण्याला येऊन भेटावं'. न्यायाधीश नेमकी तीच ओळ वाचतात. हिशेब मांडा. आज वर्षाला २४ रविवार, गुणिले आठ तास, म्हणजे १९२ तास, आणि एकही रात्र नाही. त्याऐवजी उन्हाळी सुट्टीतले सलग २५ दिवस, दिवाळीची अर्धी सुट्टी, गणपती आणि दर महिन्याला मुक्कामाचा एक शनिवार-रविवार द्या. वडिलांचा वेळ कमी होत नाही, वाढतो, हे आकड्यांत दिसलं की विरोधातली हवा निघते.

गणपतीचं कलम तारखेने लिहू नका. 'चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून गौरीविसर्जनापर्यंत' असं लिहा. सुट्ट्या ठाण्याच्या शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे धराव्यात हेही नमूद करा. सिंधुदुर्गात गणपतीची शाळेला मोठी सुट्टी असते, ठाण्यात तेवढी असेलच असं नाही, आणि पहिलं भांडण तिथेच होतं. शिमग्याचं तसंच; गावागणिक दिवस वेगळे.

प्रवासाचं स्पष्ट लिहा. न्यायचं कोणी, आणायचं कोणी, भाडं कोणाचं. जागा तुम्ही बदलताय, तेव्हा एका बाजूचं भाडं तुम्ही उचललेलं बरं दिसतं. मुलाला स्वतंत्र आसन हवं तर पूर्ण तिकीट लागतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणून तिकीट काढण्याची जबाबदारी एकावरच टाका. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, दरड पडली तर गाड्या रद्द होतात. 'अशी चुकलेली भेट १५ दिवसांत भरून द्यावी' हे वाक्य असेल, तर प्रत्येक दरड कोर्टात जात नाही.

व्हिडिओ कॉलचे वार आणि वेळ ठरवा, सोबत आजीचा पर्यायी नंबर द्या. गावात वीज गेली की रेंजही जाते.

वडील पोटगी थकवतात म्हणून भेट अडवू नका. ती वसुली वेगळी. मुलाला न्यायाधीश चेंबरमध्ये विचारू शकतात. पढवलेलं मूल दोन प्रश्नांत उघडं पडतं.

वडील कबूल झालेच, तर व्हॉट्सअॅपवरचं 'ओके' किंवा नोटरीचा स्टँपपेपर पुरत नाही. दोघांच्या सह्यांची तडजोड पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दाखल करून त्यावर आदेश घ्या.

अर्ज जानेवारीतच टाका. नोटीस बजावण्यात तारखा जातात, मे महिन्यात कोर्टाला सुट्टी आणि जूनला शाळा. शाळा सोडल्याचा दाखला आदेश हातात आल्यावरच काढा. आधी गुपचूप काढलेला दाखला समोरचे वकील पहिल्याच तारखेला पुढे करतात.