अडलेला शब्द आणि न अडलेला शब्द

प्रश्न असा आहे: 'पसायदान लहानपणापासून पाठ आहे, पण व्यंकटी, अरव, मांदियाळी यांचे अर्थ कधी कुणी सांगितले नाहीत. आता जुनं मराठी वाचायला घेतलंय. दर ओळीला कोश उघडला तर वाचनाची गोडीच जाते. संदर्भावरून अर्थ लावत पुढे गेलं तर चालेल का?'

चालेल, आणि खुशाल जा. फक्त एक पथ्य पाळा. ते कोणतं, हे तुमच्याच शब्दांवरून सांगतो.

'जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो' ही ओळ घ्या. व्यंकटी हा शब्द आज कुणी बोलत नाही. पण ओळीतच त्याच्याबद्दल किती माहिती आहे ते पाहा. 'खळांची' यातल्या 'ची'वरून कळतं की हे स्त्रीलिंगी नाम आहे आणि ही गोष्ट दुष्टांजवळ असते. पुढच्याच चरणात त्यांची सत्कर्माची ओढ वाढावी असं मागणं आहे. एक गोष्ट 'वाढो' म्हटल्यावर दुसरी जी 'सांडो', ती तिच्या उलटच असणार. म्हणजे व्यंकटी म्हणजे दुष्टपणा, वाकडेपणा. कोशात वाकडेपणा हाच अर्थ मिळेल. कोश न उघडता तुम्ही त्याच्या दारापर्यंत पोचलेले असता.

अरव तर त्याहून सोपा. 'चला कल्पतरूंचे अरव । चेतना चिंतामणींचे गाव । बोलते जे अर्णव । पीयूषांचे'. इथे तीन जोड्या एका मापाच्या आहेत. चिंतामण्यांचं गाव, अमृताचे समुद्र, तसे कल्पतरूंचे काहीतरी. पुष्कळ झाडं एकत्र असली की काय होतं? बाग. अरव म्हणजे बाग, उपवन. जुन्या पद्यात असा समांतर बांधा जागोजागी भेटतो आणि तो अर्थ लावायला फार मोठी मदत करतो. 'चंद्रमे जे अलांछन । मार्तंड जे तापहीन' यात तापहीन कळला की अलांछन आपोआप उलगडतो: सूर्याला ताप नाही, चंद्राला डाग नाही.

मांदियाळीचंही तसंच. ईश्वरनिष्ठांची मांदियाळी भूतमात्रांना सतत भेटत राहो, म्हणजे समुदाय, मेळा. मांदी हा समुदाय या अर्थाचा जुना शब्द आहेच.

आता पथ्य. याच ओळींत असे शब्द आहेत, ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही. 'चला' ऐकलं की पुष्कळांना वाटतं, कुणीतरी कल्पतरूंच्या बागेकडे चला म्हणून बोलावतंय. इथला 'चला' म्हणजे चालत्या, हलत्या. चालत्या बागा, सजीव चिंतामणींची गावं, बोलते समुद्र: तिन्ही विशेषणं एका रांगेत बसतात. 'सांडो'चंही तसंच. आपल्याकडे आज दूध सांडतं, पाणी सांडतं. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे, सोडणे. आणि 'रती' म्हणजे इथे गोडी, आवड. 1290 सालच्या, म्हणजे शके 1212च्या मराठीत आणि आपल्या मराठीत सव्वासातशे वर्षांचं अंतर आहे. त्यात काही शब्द मरून गेले, ते आपल्याला अडतात. काही शब्द जिवंत राहिले पण अर्थ बदलून राहिले, ते अडत नाहीत. माझ्या मते खरी काळजी या दुसऱ्या गटाची घ्यायला हवी. अडलेल्या शब्दाशी आपण थांबतो, आजूबाजूला पाहतो, तर्क करतो. न अडलेल्या शब्दावरून सरळ पुढे जातो.

बखरी आणि पेशवाईतली पत्रं वाचताना हे फार जाणवतं. समजा, 'फौज शिकस्त होऊन माघारी आली' असं वाक्य समोर आलं. आपण 'प्रयत्नांची शिकस्त केली' असं रोज म्हणतो, त्यामुळे फौजेनं पराकाष्ठा केली आणि ती परत आली, असा अर्थ लागतो. तो वाक्यात चपखल बसतोही. पण फारसी शिकस्त म्हणजे मोडणं, पराभव. फौज हरून आली होती. इथे संदर्भानं चुकीच्या अर्थाला अडवलं नाही, कारण दोन्ही अर्थ त्या जागी शोभतात. अशा ठिकाणी कोशाशिवाय इलाज नाही.

उलट त्याच काळातला एक अनोळखी शब्द पाहा. 1761 साली पानिपतची बातमी दक्षिणेत सांकेतिक भाषेत आली असं सांगतात: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. खुर्दा ज्याला माहीत नाही त्यालाही मोती, मोहरा, रुपये या उतरत्या क्रमावरून कळतं की ही सगळ्यात हलकी नाणी, चिल्लर. आणि मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, हे त्या काळच्या ऐकणाऱ्याला सांगावं लागलं नसेल.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी यावर बारकाईनं विचार केला आहे, आणि तो मला फार आवडतो. शब्दाचा अर्थ कळण्याचे मार्ग सांगणारा एक पारंपरिक श्लोक न्यायग्रंथांत उद्धृत होतो. त्यात आठ मार्ग आहेत: व्याकरण, उपमान, कोश, जाणत्या माणसाचं वाक्य, लोकव्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि माहीत असलेल्या शब्दाचं सान्निध्य. कोश हा आठातला एक. शेवटच्या मार्गाचं ठरलेलं उदाहरण असं: 'इह सहकारतरौ मधुरं पिको रौति'. पिक कोण हे माहीत नसलं तरी झाडावर बसून गोड आवाज काढतो म्हणजे कोकीळ. आता मराठी माणसानं हे वाक्य वाचावं. त्याचा पिक सुटतो, पण सहकार? सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोसायटी आणि साखर कारखाना. इथे सहकार म्हणजे आंबा. तरु हा शब्द शेजारी होता म्हणून निदान शंका तरी येते.

वाक्यशेषाचं उदाहरणही सांगण्यासारखं आहे. यव म्हणजे कुणी सातू म्हणत, कुणी राळ्यासारखं धान्य. निकाल पुढच्या वाक्यानं लावला: वसंतात इतर पिकांची पानं गळतात तेव्हा यव कणसांनी भरून डौलात उभे असतात. म्हणजे सातूच. इथून एक सवय उचलण्यासारखी आहे. शब्द अडला तर लगेच थांबू नका, परिच्छेद संपवा. पुष्कळदा उत्तर दोन ओळींनंतर असतं. पेन्सिलीनं खूण मात्र करून ठेवा.

ग्रामीण कथा-कादंबऱ्यांत अडचण वेगळी येते. मृगाचा पाऊस झाल्यावर कुणी पाभर बाहेर काढली आणि चाड्यावर मूठ धरली, तर पेरणी चालली आहे एवढं संदर्भ सांगतो. पण पाभर दिसते कशी, चाड्यातून बी नळ्यांत कसं उतरतं, हे तो सांगू शकत नाही, आणि कोशातल्या दोन ओळींनीही ते पुरतं उभं राहत नाही. इथे श्लोकातला चौथा मार्ग उपयोगी: ज्यानं पेरणी केली आहे त्याला विचारा.

कोश कुठला, तर बखरी आणि एकोणिसाव्या शतकातल्या गद्यासाठी मोल्सवर्थ, त्यातही 1857ची दुसरी आवृत्ती. तिच्यात अर्थ इंग्रजीत असले तरी बोलीतल्या छटा आणि वाक्प्रचार भरपूर आहेत. संतवाङ्मयासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश; त्याचे सात खंड 1932 ते 1938 या काळात निघाले, आणि त्यात शब्द जुन्या ग्रंथांत कसा वापरला गेला त्याची उदाहरणं सापडतात. दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पसायदानापासून सुरुवात करणार असाल, तर आधी सांडणे आणि रती काढून पाहा, व्यंकटी मागाहून.