खड्ड्याचा हिशोब आधी

सप्रेम नमस्कार,

तुझा आराखडा वाचला. अमेरिकेच्या मिनटमन-३ या जमिनीवरून सुटणाऱ्या आंतरखंडीय अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या जागी येणाऱ्या सेंटिनेलवर लिहिताना तू चार पानं क्षेपणास्त्राला दिलीस आणि जमिनीला एक परिच्छेद. खर्च फुगला तो मुख्यतः त्या परिच्छेदात.

मिनटमन-३ १९७० पासून तैनात आहे. आज ४०० क्षेपणास्त्रं आणि ४५० सायलो (क्षेपणास्त्र ठेवायचे आणि तिथूनच डागायचे भूमिगत खड्डे), वायोमिंग, मोंटाना व नॉर्थ डकोटातल्या तीन तळांभोवती, पाच राज्यांच्या शेतांत विखुरलेले. दर दहा सायलोंमागे एक भूमिगत नियंत्रण कक्ष. त्यांना जोडणारी तांब्याची केबल सुमारे १२,००० किलोमीटर. तिच्या जागी फायबर टाकायची तर वाट खासगी शेतांखालून जाते, आणि प्रत्येक मालकाशी वापरहक्काचा वेगळा करार लागतो. तुझ्या वेळापत्रकात या कामाची ओळच नाही.

मूळ बेत जुनेच सायलो दुरुस्त करून वापरायचा होता. कागदावर स्वस्त दिसतो. पण ते १९६० च्या दशकातलं बांधकाम: मूळ नकाशा एक सांगतो, भिंतीमागे निघतं दुसरंच. शिवाय अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग, म्हणजे तोडफोडीआधी सफाईचा वेगळा खर्च. व्हँडेनबर्गला, कॅलिफोर्नियातल्या चाचणी तळावर, एका जुन्या सायलोचं रूपांतर करून पाहिल्यावर हा मार्ग पैसा आणि वेळ दोन्ही खातो हे दिसलं. २०२५ मध्ये हवाई दलाने सांगितलं की बहुतांश सायलो नवे खणावे लागतील. नमुन्याचे चार-सहा खड्डे आधी उकरून पाहणं हीच अंदाजपत्रकाची पहिली पायरी. ती शेवटी आली.

आता आकडे. २०२० चा अंदाज ७७.७ अब्ज डॉलर, जुलै २०२४ चा १४०.९ अब्ज, म्हणजे ८१ टक्के वाढ. अमेरिकेत नन-मॅकर्डी कायदा आहे: प्रति नग खर्च चालू आधाररेषेपेक्षा (मंजूर अंदाजापेक्षा) २५ टक्के किंवा मूळ आधाररेषेपेक्षा ५० टक्के वाढला, की संरक्षणमंत्र्यांनी लेखी प्रमाणपत्र दिल्याशिवाय प्रकल्प रद्दच धरला जातो. प्रमाणपत्र मिळालं, पण विकासाच्या टप्प्याची मंजुरी मागे घेऊन तो नव्याने आखायला सांगितला. वाढीचा मोठा वाटा नियंत्रण कक्ष आणि सायलो यांचा, क्षेपणास्त्राचा नव्हे. तुझ्या तक्त्यात बांधकाम आणि क्षेपणास्त्र हे दोन रकाने वेगळे कर.

दुसरी चूक गंभीर आहे. नवं येईपर्यंत जुनं बंद करता येत नाही, म्हणून उशिराची किंमत दोनदा मोजावी लागते. जुन्या क्षेपणास्त्रातल्या घन इंधनाला तडे जातात, ते आवरणापासून सुटतं. सुट्या भागांचे पुरवठादार धंदा सोडून गेलेले असतात. आणि व्हँडेनबर्गहून प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन बेटांकडे, सुमारे ६,७०० किलोमीटरवर, होणारी प्रत्येक चाचणी साठ्यातलं एक क्षेपणास्त्र संपवते. नवं मिनटमन बनवणारी उत्पादनसाखळी आता नाही. चाचण्या कमी केल्या तर साठा टिकतो, पण विश्वासार्हतेचा पुरावा पातळ होतो. हा ताण तू एका वाक्यात उरकलास. इथे दोन पानं हवीत.

आणि ४५० जागांना तू एकच सरासरी खर्च लावला आहेस. मोंटाना आणि नेब्रास्काची जमीन, भूजल, रस्ते सारखे नाहीत. तळवार तीन तक्ते कर, मग पाठव.