एसएसएचवरून (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) रूट (सर्व अधिकार असलेला युजर) लॉगिन होत नाही, पासवर्ड बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' का?

तुम्ही बेळगावातून खानापूरच्या ऑफिसातला उबुंटू सर्व्हर उघडताय, त्यामुळे आधी एक सांगतो: चालू असलेलं एक सेशन बंद करू नका. सेटिंग चुकलं तर बस धरून खानापूरला जावं लागेल.

पासवर्ड चुकलेला नाही. ओपनएसएसएच (एसएसएच चालवणारं सॉफ्टवेअर) ७.० पासून (२०१५) 'परमिटरूटलॉगिन' या सेटिंगचं मूळ मूल्य 'प्रोहिबिट-पासवर्ड' आहे, म्हणजे रूटला पासवर्ड नाही, फक्त एसएसएच-की (किल्लीसारखी वापरायची फाइल) चालते. ते 'येस' करू नका. साध्या युजरने आत या आणि सुडो (एखादी कमांड रूटच्या अधिकाराने चालवायची सोय) वापरा.

'युजर सुडोअर्स फाइलमध्ये (सुडो कुणाला चालेल ते ठरवणारी फाइल) नाही' असं आलं, तर तो युजर 'सुडो' ग्रुपमध्ये नाही (रेडहॅट घराण्यात ग्रुपचं नाव 'व्हील'). ज्याला सुडो आहे त्याच्याकडून युजरमॉड कमांडने ग्रुपमध्ये घालून घ्या, पण त्या कमांडच्या कॅपिटल जी या पर्यायासोबत छोटा ए हवाच. तो विसरलात तर युजर बाकीच्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडतो. मग लॉगआउट करून परत या, जुन्या सेशनला नवा ग्रुप दिसत नाही.

एसएसएचच्या ओळीतच सुडो कमांड दिली आणि 'टर्मिनल हवा' म्हणून अडलं, तर एसएसएच या शब्दापुढे हायफन आणि छोटा टी जोडा.

एसएसएचडीची (सर्व्हरवर चालणारा एसएसएचचा प्रोग्रॅम) कॉन्फिग फाइल बदलूनही फरक पडत नसेल तर 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' फोल्डर बघा. एसएसएचडी पहिलं सापडलेलं मूल्य धरतो आणि उबुंटूत त्या फायली आधी वाचल्या जातात. बहुतेक जण इथंच फसतात. रीस्टार्टआधी 'सुडो एसएसएचडी हायफन टी'ने फाइल तपासा. नेमकं कारण ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींची फाइल) मिळेल.