दशावताराचं पाच तासांचं रेकॉर्डिंग एकाच डीव्हीडीवर घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या दशावताराच्या दोन व्हीएचएस कॅसेट्स आहेत, मिळून पाच तासांच्या. डीव्हीडी रेकॉर्डरवर सहा तासांचा मोड दिसतोय, तर सगळं एकाच डिस्कवर घेतलं तर चालेल का? माझं उत्तर आहे, नका घेऊ. तीन डिस्क करा.

मी कुडाळच्या बाजूला लग्नं आणि जत्रा शूट करतो. २००६ साली आमच्या गावच्या जत्रेतलं नाटक मी असंच सहा तासांच्या मोडवर घेतलं होतं. काका राजाचं काम करायचे. बाकड्यावर बसून त्यांनी म्हटलेले संवाद आजही ठीक दिसतात. पण युद्ध सुरू झालं, काकांनी गिरकी घेतली की चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. मृदंग वाजवणाऱ्याचे हात म्हणजे एक तपकिरी डाग. मूळ कॅसेट दोन पावसाळ्यांत बुरशीने गेली. आता काकाही नाहीत आणि ते चौकोन कुठल्याही सॉफ्टवेअरने पुन्हा चेहरा होत नाहीत. म्हणून एवढं लिहितोय.

असं का होतं? साध्या डिस्कची जागा ४.७ जीबी, तेवढीच. (कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो, तो मोजणीतला फरक. डिस्क खोटी नसते.) तास वाढवले की दर सेकंदाच्या वाट्याला येणारा डेटा कमी होतो. माझा हिशेब सोपा आहे: ६०० ला मिनिटांनी भागा, जे येईल ते मेगाबिट प्रति सेकंद. दोन तास घेतले तर ५, पाच तास घेतले तर २. त्यातलाही थोडा आवाजाला जातो. डीव्हीडीचं एमपीईजी-२ दर वेळी अख्खं चित्र साठवत नाही, बहुतेक वेळा आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहितं. माणूस स्थिर बसून बोलत असेल तर २ मध्येही भागतं. तलवारी फिरायला लागल्या की सगळंच बदलतं आणि लिहायला जागा उरत नाही. तेव्हा ते बारकावे टाकून देतं. सगळ्यात वाईट हाल संकासुराचे, म्हणजे दशावतारातल्या राक्षसाचे. काळा वेश, मागे काळोख, वर एका बल्बचा उजेड. अशा काळ्यात चौकोन आधी दिसतात.

मग एक तासाचा सर्वांत चांगला मोड लावावा का? त्याची गरज नाही. व्हीएचएसवर मुळातच आडव्या रेषेत साधारण २४० रेषांचाच तपशील असतो. जे कॅसेटवर नाही ते मोड वाढवून येणार नाही. शिवाय घरी भाजलेली डिस्क खूप वरच्या बिटरेटवर (दर सेकंदाला जास्त डेटा) असली की काही जुने प्लेयर अडखळतात. तुमच्या पाच तासांच्या तीन डिस्क म्हणजे प्रत्येकी शंभर मिनिटं, साधारण ६ मेगाबिट. तेवढं भरपूर झालं. अगदी दोनच डिस्क करायच्या असतील तर अडीच तासांना ४ मेगाबिट येतात, आणि मग रेकॉर्डरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये ७२० बाय ५७६ ऐवजी ३५२ बाय ५७६ हे चित्राचं माप निवडा. कॅसेटच्या मानाने ते पुरतं आणि चौकोन पडत नाहीत. आवाज एलपीसीएमवर (न दाबलेला) ठेवू नका, तो एकटाच दीड मेगाबिट खातो. डॉल्बी डिजिटल (दाबलेला) ठेवा. ८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्कच्या नादी मी लागत नाही, जुन्या प्लेयरवर त्या नखरे करतात.

कॅप्चर कार्ड (कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं) असेल तर आणखी चांगलं. आधी वरच्या दर्जात कॉम्प्युटरवर घ्या आणि मग टू-पास व्हीबीआरने (दोन फेऱ्यांत, गरजेप्रमाणे कमी-जास्त डेटा देत) डीव्हीडी बनवा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर अख्खं नाटक बघून घेतं, दुसऱ्या फेरीत संवादातून वाचवलेली जागा युद्धाला देतं. रेकॉर्डर समोर येईल तसं लिहीत जातो, त्याला पुढे काय येणार ते माहीत नसतं.

कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून फितीच्या कडा उजेडात बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडला लागून दुसरी कॅसेटही जाईल. आधी साफ करणारा माणूस शोधा. आपल्याकडच्या हवेत हे फार होतं. फीत चांगली असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा आणि हेड साफ करून घ्या. पडद्यावर नाचणारे ठिपके, म्हणजे मुंगळेसुद्धा मशीनला तपशीलच वाटतात, आणि ते चित्राच्या वाटणीचे बिट खातात.

डिस्क बदलताना वेळ बघून तोडू नका, प्रवेश संपेल तिथे तोडा. पहिली डिस्क आड दशावतारापाशी (मुख्य कथेआधीचा भाग) लवकर संपली तरी हरकत नाही, फक्त उरलेलं दोन डिस्कवर किती बसतं ते ६०० च्या हिशेबाने आधी बघा. प्रत्येक डिस्क शेवटी फायनलाइज करा (रेकॉर्डिंग पूर्ण करून डिस्क बंद करायचा पर्याय), नाहीतर दुसऱ्या प्लेयरवर लागणार नाही.

आणि तिन्ही एकदम करू नका. आधी युद्धाचा प्रवेश असलेली एक करा, घरच्या टीव्हीवर लावा आणि मृदंगावरची बोटं बघा. बोटं सुटी दिसली तर त्याच सेटिंगवर बाकीच्या दोन करा.